बायझंटाइन मोझेक कसं पाहावं: चालत, मान वर करून, उजेडाच्या कलाने

मराठी माणसं आता इस्तंबूलला भरपूर जातात आणि व्हेनिसला तर जातातच. त्यामुळे आया सोफिया आणि सान मार्को ही बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या) परंपरेतल्या मोझेकची, काच-दगडाच्या बारीक ठोकळ्यांनी भरलेल्या भिंतीचित्रांची, दोन मोठी ठिकाणं आपल्या टूरवाल्यांच्या यादीत कधीचीच आहेत. तरीही परत आलेल्याला काय पाहिलं असं विचारा, 'सगळं सोनेरी होतं, भारी होतं' यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. दोष बघणाऱ्याचा कमी, बघण्याच्या सवयीचा जास्त. आपण ही चित्रं संग्रहालयातल्या चित्रासारखी बघतो: समोर उभं राहायचं, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. करणाऱ्यांनी मात्र ती इमारतीत उजेड कुठून येतो आणि भक्त कुठे उभा असतो याचा हिशेब करून बसवली आहेत. तो हिशेब लक्षात आला की चित्रं आपसूक उलगडू लागतात. ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी त्याला लागत नाही.

निघण्यापूर्वी

सुरुवातीला एकच शहर निवडा, आणि माझं ऐकाल तर ते इटलीतलं राव्हेन्ना. बोलोन्याहून रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तासाचा प्रवास. सहली सहसा तिथे जात नाहीत, त्यामुळे शांतपणे बघता येतं. इ.स. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी तिथे आली. पुढे ऑस्ट्रोगॉथ टोळीचा राजा थिओडोरिक तिथून राज्य करू लागला आणि ५४० मध्ये बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने शहर घेतलं. तीन राजवटी, गॉथांचा पंथ निराळा, थाट तर तिघांचे वेगळे, आणि त्यांची मोझेकचित्रं एकाच लहानशा शहरात. युनेस्कोने १९९६ मध्ये इथल्या आठ वास्तू जागतिक वारशात घेतल्या.

सामानात दोन गोष्टी हव्यात. एक छोटी दुर्बीण, आठपट मोठं दाखवणारी पुरे. फोनचा झूम तिची जागा घेऊ शकत नाही, कारण फोन सोन्याची चमक स्वतःच्या मर्जीने सपाट करून टाकतो. दुसरी गोष्ट म्हणजे मराठी बायबलमधली मोजकी पानं, आधी वाचलेली: उत्पत्तीचे ४, १४, १८ आणि २२ हे अध्याय, ४२वं स्तोत्र, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातला पूर्वेकडच्या ज्ञानी मागींचा प्रसंग आणि येशूच्या रूपांतराचा (डोंगरावर शिष्यांसमोर त्याचं रूप तेजाने उजळतं तो) प्रसंग. तासाभराचं वाचन आहे. ते केलं नाही तरी बिघडत नाही, पण मग समोरची माणसं अनोळखीच राहतात. गाथासप्तशती न वाचता नाणेघाट बघता येतो तसंच हे, असं कुणी म्हणेल; मी म्हणेन, वाचूनच जा.

वेळेचंही गणित ठेवा. शक्य असेल तर एकच चर्च सकाळी आणि दुपारनंतर असं दोनदा बघा. सहा ठिकाणं एकेकदा बघण्यापेक्षा यात जास्त मिळतं.

आत शिरल्यावर: आधी काही ओळखू नका, चाला

पहिली दहा मिनिटं हा संत कोण, तो प्रसंग कुठला, या भानगडीत पडू नका. नजर एखाद्या सोनेरी भागावर ठेवा आणि चार पावलं डावीकडे, चार पावलं उजवीकडे चाला. सोनं पेटतं, विझतं, पुन्हा दुसरीकडे पेटतं. मघाशी झळाळलेला भाग तपकिरी होतो आणि त्याच्या शेजारचा जागा होतो. धूपछाव पैठणीचा पदर हलवल्यावर होतं तसं, पण अख्ख्या भिंतीवर.

हे मुद्दाम घडवलेलं आहे, आणि ते कसं हे समजून घेणं महत्त्वाचं. सोनेरी ठोकळा अख्खा सोन्याचा नसतो. काचेच्या जाडसर थरावर सोन्याचा वर्ख ठेवतात, त्यावर पापुद्र्याइतकी पातळ काच चढवून भाजतात आणि मग त्याचे ठोकळे पाडतात. वर्ख दोन काचांच्या मध्ये सुरक्षित राहतो, म्हणून दीड हजार वर्षांनीही त्याला काळपटपणा आलेला नाही. चांदीचा वर्ख घालूनही असेच ठोकळे करत आणि तेजोवलयासारख्या जागी वापरत. रंगीत ठोकळे काचेत धातू मिसळून होतात: कोबाल्टने गडद निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल, मँगनीजने जांभळट. चेहरे आणि हात यांच्यासाठी अनेकदा संगमरवर आणि दगडाचे मंद रंगाचे तुकडे येतात, कारण कातडी चमकून चालत नाही.

हे ठोकळे कारागीर जागेवरच, ओल्या चुन्यात, हाताने दाबून बसवत. भिंतीवर चुन्याचे दोन-तीन थर. शेवटचा थर तेवढाच, जेवढा ओला असेपर्यंत भरून होईल. त्या ओल्या थरावर आधी रंगाने चित्राचा आराखडा काढलेला असे. हाताने दाबलेला ठोकळा भिंतीशी कधीच तंतोतंत समांतर बसत नाही. प्रत्येकाचं तोंड जरा वेगळीकडे, आणि उंचावरच्या जागी तर ते मुद्दाम खाली, बघणाऱ्याच्या दिशेने कललेलं असतं. म्हणून उजेड एकसंध परावर्तित न होता विखरून येतो. त्या काळी आत तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या होत्या. ज्योत हलायची, तशी भिंतही हलायची. आजच्या स्थिर विजेच्या दिव्यात ते निम्मं हरवलंय. हरवलेलं परत मिळवायचा उपाय एकच: दिवा हलत नसेल तर आपण हलायचं.

हे शिकायला राव्हेन्नातली सर्वांत चांगली जागा म्हणजे गाला प्लाचिदियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी छोटीशी विटांची इमारत. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातली. गाला प्लाचिदिया ४५० मध्ये रोममध्ये वारली आणि बहुधा तिचं दफन इथे झालंच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आत थांबायला मोजकीच मिनिटं देतात, तेव्हा शिरल्याबरोबर वर बघा. गर्द निळं छत, त्यावर वर्तुळांत मांडलेले सोनेरी तारे, मध्यभागी क्रूस. इथे खिडक्यांना अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत (हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे), त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. डोळे स्थिरावायला मिनिटभर लागतं. तोपर्यंत कॅमेरा खिशातच असू द्या.

मग जवळ जा: ओळी बघा

आता दुर्बीण काढा आणि एखाद्या आकृतीची कड बघा. पार्श्वभूमीचं सोनं आडव्या ओळींत भरलेलं दिसेल, पण आकृतीच्या कडेला येताच एक-दोन ओळी वळतात आणि खांदा, डोकं, हात यांच्याभोवती घट्ट फिरतात. या ओळींमुळे आकृती पार्श्वभूमीतून सुटी होते, सावली न टाकताही.

चेहऱ्यात ठोकळे एकदम बारीक होतात. कपड्यात सेंटिमीटरच्या आसपास असलेला तुकडा गालावर काही मिलिमीटरचा होतो. ओळी गालाच्या, भुवईच्या, नाकाच्या गोलाईने जातात. सावलीला काळा रंग क्वचितच. तिथे ऑलिव्हसारखा हिरवा येतो आणि त्याच्या शेजारी गुलाबी, फिकट पांढरा. जवळून हे ठिगळ जोडल्यासारखं वाटतं. दहा पावलं मागे या, रंग डोळ्यात मिसळून जिवंत कातडी दिसते. कुठे कुठे सोनेरी ठोकळा उलटा बसवलेला सापडतो, म्हणजे वर्ख आत आणि साधी काच बाहेर. सोनं जरा दबावं म्हणून केलेली ही युक्ती आहे. ती सापडली की त्या कारागिराशी ओळख झाल्यासारखं वाटतं.

उंची वाचा

इथून अर्थाला सुरुवात. बायझंटाइन चर्चमध्ये कोण किती उंचावर आहे, हे त्याचा दर्जा सांगतं. नवव्या शतकानंतर ही मांडणी बरीच ठरून गेली. घुमटात विश्वाचा अधिपती ख्रिस्त, म्हणजे पँटोक्रेटर, छातीपर्यंतचा, हातात ग्रंथ घेतलेला. त्याखाली घुमटाच्या गळ्यात संदेष्टे. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीत, ज्याला अप्स म्हणतात, तिथे मरिया, बहुधा बाळासह. घुमट आणि भिंत जोडणाऱ्या कोपऱ्यांत ख्रिस्ताच्या आयुष्यातले सणाचे प्रसंग: मरियेला मिळालेला निरोप, जन्म, बाप्तिस्मा, रूपांतर. आणि खाली, माणसांच्या जवळ, संतांच्या रांगा. वरती स्वर्ग, मध्ये पवित्र इतिहास, खाली भक्तांचे सोबती.

अथेन्सजवळचा डाफ्नी मठ याचा उत्तम नमुना आहे. इ.स. ११००च्या आसपासचा तिथला पँटोक्रेटर जरबेचा आहे. ग्रंथ धरलेली त्याची आखडलेली बोटं बघा. न्यायाधीश वरून बघतोय हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. ओसिओस लुकास आणि कियोस बेटावरचं नेआ मोनी हे अकराव्या शतकातले मठ डाफ्नीसोबत १९९० मध्ये जागतिक वारशात आले.

मांडणी इमारतीप्रमाणे बदलते, तेव्हा ती आणखी स्पष्ट होते. सिसिलीत नॉर्मन राजांनी बायझंटाइन पद्धतीचं काम करवून घेतलं, पण चेफालू आणि मोनरेआले इथली चर्च लांबट, घुमट नसलेली. मग घुमटातला ख्रिस्त खाली उतरून अप्समध्ये आला आणि मरिया त्याच्या पायाशी गेली. चेफालूच्या ख्रिस्ताच्या (११४८) हातात उघडा ग्रंथ आहे: एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन, वाक्य एकच, 'मी जगाचा प्रकाश आहे'. दोन भाषांची प्रजा सांभाळणाऱ्या राजाचं हे चर्च, आणि वाक्य अशा जागी की सोन्याचा उजेड त्याची साक्ष देतो.

कोण कोण आहे: खुणांची ओळख

तेजोवलयात क्रूस असेल तो ख्रिस्त, दाढी असो वा नसो. शेजारी ग्रीक अक्षरांची जोडी आणि वर आडवी रेघ म्हणजे नावाचं संक्षिप्त रूप; येशू ख्रिस्ताला अशा दोन जोड्या, 'देवाची माता' मरियेलाही दोन. ही अक्षरं शोभेची नाहीत. मूर्तिभंजनाच्या, म्हणजे प्रतिमा पूजाव्यात की मोडाव्यात या वादानंतर प्रतिमेला नाव असणं ही तिच्या पावित्र्याची अटच मानली जाऊ लागली. मरियेच्या डोक्यावरून घेतलेल्या गडद वस्त्रावर कपाळाशी आणि खांद्यांशी तारे असतात. पेत्र पांढऱ्या कुरळ्या केसांचा, आखूड दाढीचा. पौल टकला, टोकदार काळसर दाढीचा. एकदा हे दोघे ओळखता आले की कुठल्याही चर्चमध्ये ते लगेच सापडतात. बाप्तिस्मा करणारा योहान विस्कटलेल्या केसांचा. चार शुभवर्तमानकार कधी माणसांच्या रूपात येतात, कधी चिन्हांच्या: मत्तय पंखवाला मनुष्य, मार्क सिंह, लूक बैल, योहान गरुड.

चौकोनी वलय दिसलं तर ते चित्र बनत असताना ती व्यक्ती जिवंत होती असं समजा. रोमच्या सांता प्रासेदे चर्चमध्ये पोप पहिला पास्कल असा चौकोनी वलयात उभा आहे, हातात चर्चची प्रतिकृती. रिकामं सिंहासन म्हणजे पुन्हा येणाऱ्या ख्रिस्तासाठी मांडून ठेवलेली जागा. मेंढरं म्हणजे प्रेषित किंवा भक्त. पाणी पिणारी हरणं ४२व्या स्तोत्रातली, देवासाठी तहानलेला जीव. गाला प्लाचिदियाच्या इमारतीत ती आहेत.

रंगाबद्दल थोडं

सोनं म्हणजे आकाश नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. सोनेरी पार्श्वभूमीत ना वेळ असते ना ऋतू, ना अंतर. त्यामुळे माणसं कुठल्याही ठिकाणी उभी नसतात. ती फक्त समोर असतात, थेट आपल्याकडे बघत. खोली दाखवणारा यथार्थदर्शी भ्रम या कारागिरांना जमत नव्हता असं म्हणणं अडाणीपणाचं आहे. त्यांच्या रोमन पूर्वजांना तो चांगला जमत होता. इथे तो नको होता, कारण चित्राच्या आत खोली असती तर ख्रिस्त भिंतीपलीकडे गेला असता. तो तुमच्या आणि भिंतीच्या मधल्या हवेत यायला हवा.

जांभळा हा सम्राटाचा रंग, शंखांपासून काढलेल्या महागड्या रंगाचा. ख्रिस्ताच्या आणि मरियेच्या अंगावर तो दिसला की त्यांना राजेपण दिलंय असं वाचा. सिनाईच्या सेंट कॅथरिन मठातल्या सहाव्या शतकातल्या रूपांतराच्या चित्रात ख्रिस्ताभोवतीच्या निळ्या बदामी आकाराचे पट्टे आत जाताना गडद होत जातात. प्रकाशाच्या मुळाशी जाताना अंधारत जाणं उलटं वाटतं, पण देव आकलनापलीकडचा आहे असं मानणाऱ्यांना ते अगदी सुलटं होतं.

एक जागा सगळी वाचू: सान व्हिताले

आता हे सगळं एका ठिकाणी लावून बघू. राव्हेन्नातलं सान व्हिताले हे चर्च अष्टकोनी आहे. बांधकाम बिशप एक्लेसियसच्या काळात सुरू झालं, खर्च युलियानस अर्जेंटारियस या धनिकाने उचलला, २६,००० सोन्याची नाणी, आणि ५४७ च्या सुमारास बिशप मॅक्सिमियनने त्याची प्रतिष्ठापना केली. म्हणजे काम गॉथ राजवटीत सुरू झालं आणि संपलं तेव्हा राज्य बायझंटियमचं होतं.

वेदीकडे तोंड करून उभे राहा. कमानीच्या आतल्या बाजूला गोल चौकटींत प्रेषितांचे चेहरे आहेत, शेंड्यावर ख्रिस्त. त्याला दाढी आहे. आता थेट पुढे अप्समध्ये बघा: निळ्या गोलावर बसलेला ख्रिस्त कोवळा, बिनदाढीचा. दहा-पंधरा मीटरच्या आत एकाच देवाची दोन रूपं, आणि त्या काळी कुणालाही त्यात विसंगती वाटली नाही. ख्रिस्ताच्या पायाखालून नंदनवनाच्या चार नद्या वाहतात. तो डावीकडे संत व्हितालेला मुकुट देतोय. उजवीकडे एक्लेसियस चर्चची छोटी प्रतिकृती पुढे करतोय. पहिला घेतो, दुसरा देतो.

हे 'देणं' लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वेदीच्या एका बाजूच्या भिंतीवर हाबेल कोकरू वर उचलून धरतोय आणि मलकीसदेक भाकर. समोरच्या भिंतीवर अब्राहाम तीन पाहुण्या देवदूतांना जेवण वाढतोय, आणि त्याच चौकटीत, दुसऱ्या प्रसंगात, इसहाकावर तलवार उगारतोय. वरून देवाचा हात त्याला थांबवतो. छताच्या मध्यभागी, ताऱ्यांच्या वर्तुळात, कोकरू. चारही बाजूंनी अर्पणाचे प्रसंग, आणि मध्यभागी खरी वेदी, जिथे पुजारी रोज भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायचा. चित्रं त्या विधीभोवती रचली आहेत. विधी वगळून ती बघितली तर सुट्या गोष्टी राहतात.

मग अप्सच्या दोन बाजूंना त्या दोन प्रसिद्ध चौकटी. ख्रिस्ताच्या उजव्या हाताच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन, सोन्याचं तबक घेऊन. समोर सम्राज्ञी थिओडोरा, रत्नजडित चषक घेऊन. तबक भाकरीचं, चषक द्राक्षारसाचा. हाबेल, मलकीसदेक, अब्राहाम यांच्या रांगेत राजा-राणीही अर्पण करणारे म्हणून उभे केले आहेत. आणि दोघांनीही राव्हेन्नात आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं! हजर नसलेल्या राज्यकर्त्यांना रोजच्या उपासनेत कायमचं हजर करण्याचं काम या भिंतीने केलं.

थिओडोराच्या झग्याची खालची किनार दुर्बिणीतून बघाच. जांभळ्या कापडावर सोनेरी रंगात भेटी घेऊन पुढे झुकलेले तीन मागी विणलेले आहेत. ख्रिस्ताला भेटी आणणारे तीन ज्ञानी, आणि तीच कृती करणारी राणी. तिच्या मुकुटावरून, कानाखालून खांद्यापर्यंत मोत्यांच्या सरी ओघळतात. त्या शतकात हिंदी महासागराचा व्यापार चांगलाच चालू होता; त्याच काळातल्या अलेक्झांड्रियाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' बंदराचा उल्लेख केला आहे, आणि ते म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते मोती कुठले हे कुणी सांगू शकणार नाही, पण जस्टिनियनच्या दरबाराचा माल आणि आपला किनारा एकमेकांना अगदीच परके नव्हते.

जस्टिनियनच्या चौकटीत पायांकडे बघा. त्याच्या शेजारी एकाच माणसाच्या डोक्यावर नाव लिहिलंय: मॅक्सिमियन, स्थानिक बिशप. सम्राटाला नावाची गरज नाही, बिशपला आहे. खाली बिशपची पावलं पुढे आहेत, म्हणजे तो आघाडीला. पण वर सम्राटाचा तबक धरलेला हात बिशपच्या पुढ्यात येतो. पहिला कोण, हा प्रश्न चित्राने मुद्दाम अधांतरी ठेवला असावा असं मला वाटतं. एका बाजूला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला सैनिक, ढालीवर ख्रिस्ताचं नावचिन्ह, मध्ये राजा. सगळे पंजांवर तरंगत उभे, काहींची पावलं दुसऱ्याच्या पावलावर. त्या जगात वजन नसतं.

खाडाखोड शोधा

मोझेकवर राज्य बदललं की हात पडत. राव्हेन्नातलं सांत आपोल्लिनारे नुओव्हो हे थिओडोरिकचं चर्च. त्याच्या उजव्या भिंतीवर राजवाड्याचं चित्र आहे, खांबांमध्ये पांढरे पडदे. तिथे पूर्वी माणसं होती, थिओडोरिक आणि त्याचे दरबारी असावेत. बायझंटाइन अंमल आल्यावर ती काढून पडदे भरले. पण खांबांवर आलेली बोटं आणि पंजे काढायचे राहिले! पडद्यातून सुटलेला हात खांबावर आजही तसाच आहे. भिंतीच्या वरच्या भागात मात्र थिओडोरिकच्या काळचे प्रसंग जागेवर आहेत, आणि खाली नंतर आलेल्या हुतात्म्यांच्या आणि कुमारिकांच्या मिरवणुका. एकाच भिंतीवर दोन राजवटी.

आया सोफियाच्या वरच्या गॅलरीत सम्राज्ञी झोई आणि तिचा नवरा कॉन्स्टंटाइन नववा ख्रिस्ताच्या दोन बाजूंना आहेत. तो तिचा तिसरा नवरा. चेहरे बदललेत, नावाचा मजकूर बदललाय. अक्षरं कशी दाटीवाटीने बसवली आहेत ते बघा. नवरा बदलला, तर डोकं बदलायचं. सम्राटाच्या हातातली पैशाची थैली मात्र तीच, चर्चला दान म्हणून.

सगळ्यात मोठी खाडाखोड आठव्या-नवव्या शतकातली, मूर्तिभंजनाची. प्रतिमा पूजणं योग्य की अयोग्य, या वादात अनेक प्रतिमा काढून टाकल्या गेल्या. ८४३ मध्ये प्रतिमा मानणारा पक्ष कायमचा जिंकला. इस्तंबूलच्या आया इरीनीच्या अप्समध्ये त्या काळचा नुसता क्रूस सोन्यावर उरलाय. तो बघून मग आया सोफियाच्या अप्समधली बाळासह मरिया आठवा. ८६७ मध्ये तिचं अनावरण झालं तेव्हा ती केवळ एक चित्र नव्हती, विजयाची घोषणा होती.

जुनं की दुरुस्त केलेलं

कुठलाच मोठा मोझेक शंभर टक्के मूळ नसतो. ओळखायची साधी रीत: पृष्ठभाग फार गुळगुळीत, चमक एकसारखी, ठोकळे सारख्या मापाचे आणि फटी आखल्यासारख्या असतील तर ती नंतरची दुरुस्ती असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकात ठोकळे कागदावर उलटे चिकटवून, तयार पट्टा भिंतीवर दाबायची पद्धत आली. काम झटपट होतं, पण सगळे ठोकळे एका पातळीत येतात आणि उजेड मरतो. राव्हेन्नाच्या ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मागृहात छताच्या मधोमध येशूचा बाप्तिस्मा आहे. त्या प्रसंगातली दोन्ही डोकी एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीची आहेत. तिथे दुर्बीण लावून डोकं आणि शेजारचं जुनं काम यांची तुलना करा, फरक कळायला लागेल. व्हेनिसच्या सान मार्कोत तर रेनेसान्सच्या चित्रकारांच्या आराखड्यांवरून बरेच भाग नव्याने केले गेले. तिथे 'बायझंटाइन' शोधायला जरा कष्ट पडतात.

पुढची ठिकाणं, आणि कशासाठी

राव्हेन्ना सोडण्यापूर्वी शहराबाहेरच्या क्लास्से भागातलं सांत आपोल्लिनारे (५४९) चुकवू नका. रूपांतराचा प्रसंग तिथे जवळजवळ माणसांशिवाय रंगवलाय. निळ्या वर्तुळात ९९ ताऱ्यांच्या मध्ये रत्नजडित क्रूस, त्याच्या छेदावर ख्रिस्ताचा एवढासा चेहरा. पेत्र, याकोब आणि योहान यांच्या जागी तीन मेंढरं. मोशे आणि एलीया तेवढे ढगातून अर्धे दिसतात. आधी मत्तय वाचला असेल तर हे कोडं एका मिनिटात सुटतं.

इस्तंबूलला आया सोफियात पर्यटकांना वरच्या गॅलरीत नेतात, आणि ते बरंच आहे, कारण तेराव्या शतकातलं दीसिस तिथेच आहे: मध्ये ख्रिस्त, दोन बाजूंना मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान, माणसांसाठी मध्यस्थी करणारे. खालचा अर्धा भाग गळून गेलाय. चेहऱ्यांवरची छाया बघा: उजेड डावीकडून पडल्यासारखी रंगवलीय, आणि डावीकडे खरीच खिडकी आहे. पार्श्वभूमीचं सोनंही साध्या आडव्या ओळींचं नाही, शिंपल्यांसारख्या नक्षीत भरलंय. चित्राच्या समोर न थांबता खिडकीच्या बाजूने, तिरकं, हळूहळू चालत या. अप्समधली मरिया पडद्यांमागे झाकलेली असू शकते, हे गृहीत धरून जा.

इस्तंबूलमधलंच कारिये, म्हणजे जुनं खोरा चर्च, हे त्या मानाने लहान आणि घरगुती. इ.स. १३१५ ते १३२१ च्या सुमारास थिओडोर मेटोकायटीस या दरबारी विद्वानाने ते सजवलं. डोक्यावर भलंमोठं पागोटं, गुडघ्यावर बसून ख्रिस्ताला चर्च अर्पण करतोय, असा तो दारावर आहे. मरियेच्या बालपणीचे प्रसंग इथे फार जिव्हाळ्याने येतात. आईवडील लेकीला कुरवाळताहेत तो प्रसंग शोधा. आता तिथे मशीद आहे, म्हणून नमाजाच्या वेळा बघून निघा. डोकं झाकायला ओढणी आणि पटकन निघतील असे बूट बरोबर असू द्या.

पालेर्मोला गेलात तर राजवाड्यातलं पॅलाटीन चॅपेल सकाळी उघडताच गाठा, गर्दीत तिथे मान वर करायलाही जागा नसते. मोनरेआले दुपारी. तिथे सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक आहे, आणि सगळं बघायचा हट्ट धरलात तर काहीच दिसणार नाही. मधल्या भागातल्या बाकावर बसा, उत्पत्तीच्या पहिल्या प्रसंगापासून सुरुवात करा आणि नोहाच्या तारवापर्यंत पोचलात की उठा.